खानदेशात गावासोबत जैवविविधतेचे संशोधन कसे सुरू करावे

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांत जैवविविधतेवर काम करण्यासाठी जो विद्यार्थी किंवा प्राध्यापक पहिल्यांदा एखाद्या गावात उतरतो, त्याच्या पिशवीत बहुधा प्रजातींची यादी, जीपीएस यंत्र आणि छापील प्रश्नावली असते. माझा पहिला सल्ला असा आहे की या तिन्ही वस्तू पहिला महिनाभर पिशवीतच राहू द्याव्यात. गावाला पडलेला प्रश्न समजून घेण्याआधी केलेली मोजणी शोधनिबंधापुरती उपयोगी पडते. परंतु ज्या जंगलाची, डोहाची किंवा माळाची मोजणी झाली त्याला तिचा लाभ होत नाही, कारण त्या जागेची रोजची राखण गाव करते आणि गावाला त्या मोजणीत स्वतःचे काही दिसत नाही.

हे मार्गदर्शन मुख्यतः कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांतील वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, भूगोल आणि समाजकार्य विभागांत नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी लिहिले आहे. ज्यांच्या गावात असे लोक येतात त्या तरुणांनीही ते वाचावे, म्हणजे पाहुण्याला कोणते प्रश्न विचारायचे हे त्यांना ठाऊक राहील.

जागा लहान निवडावी

खानदेश ही एकच परिसंस्था नाही. उत्तरेला सातपुड्याचे साग, अंजन, सालई आणि मोहाचे पानझडी जंगल आहे. मध्ये तापीकाठची काळी जमीन आणि केळी-कापसाचा पट्टा आहे. हतनूर धरणाच्या फुगवट्यावर हिवाळ्यात स्थलांतरित पक्षी उतरतात. साक्रीकडे सह्याद्रीच्या रांगा सुरू होतात आणि चाळीसगावजवळ पाटणादेवीला अजिंठ्याच्या डोंगरांचे जंगल लागते. नवख्याने यांपैकी एक जागा आणि त्या जागेतील एक किंवा फार तर दोन गावे निवडावीत. महाविद्यालयापासून एस.टी.ने सकाळी जाऊन संध्याकाळी परतता येईल असे गाव निवडणे अधिक चांगले, कारण या कामात वर्षातून दोनदा केलेल्या मोठ्या दौऱ्यापेक्षा दर पंधरा दिवसांनी मारलेली फेरी जास्त फलदायी ठरते. महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे दत्तक गाव असेल, तर तेथून सुरुवात करण्यास हरकत नाही. मात्र सात दिवसांच्या हिवाळी शिबिरात झालेल्या ओळखीला भागीदारी समजू नये.

आधी नोंदवही वाचावी, मग प्रश्न ठरवावा

जैवविविधता कायदा, २००२ च्या कलम ४१ नुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची असते आणि या समितीने लोकांशी सल्लामसलत करून लोक जैवविविधता नोंदवही तयार करायची असते. गावाच्या शिवारातील झाडे, पिकांचे वाण, पशू, पक्षी, मासे, त्यांचे उपयोग आणि त्याविषयीचे पारंपरिक ज्ञान या नोंदवहीत यावे अशी अपेक्षा आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने या नोंदवह्या पूर्ण करण्यासाठी ३१ जानेवारी २०२० ही मुदत दिली, आणि त्यानंतरच्या घाईत देशभर असंख्य नोंदवह्या भराभर लिहिल्या गेल्या. म्हणून नव्या संशोधकाने ग्रामपंचायतीत जाऊन पहिली विनंती हीच करावी की गावाची नोंदवही वाचायला मिळावी.

ती वाचल्यावर काय करायचे, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावात आम्हाला मिळालेली नोंदवही दिसायला नीटनेटकी होती. परंतु तिच्यात त्या शिवारात कधीही न उगवणारी, कोकणातली म्हणावी अशी काही झाडे होती आणि ज्या कटुर्ल्याच्या वेली प्रत्येक बांधावर होत्या त्यांचा उल्लेखही नव्हता. आम्ही ती नोंदवही गावातल्या ओट्यावर बसून मोठ्याने वाचली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बायांची कामे आटोपल्यावर त्यांच्यासमोर पुन्हा वाचली. चूक तेथे पेन्सिलने खूण केली, राहिलेले नाव समासात लिहिले. मोहाच्या नोंदीपुढे ‘मुबलक’ असे लिहिलेले होते. त्यावर एक आजी म्हणाल्या की झाडे पुष्कळ आहेत हे खरे, पण सगळी त्यांच्या सासऱ्यांच्या वेळची आहेत, लहान मोह कुठे आहे ते दाखवा.

आमचा संशोधनाचा प्रश्न तेथे मिळाला. फुले वेचायला सोपी जावीत म्हणून मार्चमध्ये झाडाखालचा पाचोळा जाळतात, त्या आगीत रोपे जातात, आणि जी उरतात ती शेळ्या-गुरांच्या तोंडी जातात. त्यामुळे जुनी झाडे फुलत राहतात आणि त्यांच्या जागी उभी राहणारी पिढी तयारच होत नाही. शास्त्रीय वाङ्मयात या प्रश्नाला पुनरुत्पादनाचा अभाव म्हणतात. परंतु तो त्या गावात आहे की नाही, किती आहे आणि कशाने कमी होईल, हे त्या गावाबरोबरच शोधावे लागते. या लेखात पुढे मी हेच मोहाचे उदाहरण वापरणार आहे, कारण त्याची मोजणी सोपी आहे आणि मोहफुलांचा पैसा थेट घरात येत असल्याने गावाला उत्तरात खरा रस असतो.

गाव म्हणजे नेमके कोण, हे शोधावे

‘गावाची संमती घेतली’ हे वाक्य प्रबंधात लिहिणे सोपे आहे. प्रत्यक्षात ती कोणाकडून घ्यायची, हे ठरवण्यात नवखे संशोधक सर्वांत जास्त चुकतात. अक्राणी (धडगाव) किंवा अक्कलकुवा तालुक्यात एका ग्रामपंचायतीत दूरदूरचे अनेक पाडे असतात आणि प्रत्येक पाड्याचे जंगल, पाणवठा व कारभारी वेगळे असू शकतात. अनुसूचित क्षेत्रात तेथील ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा, १९९६ आणि राज्याचे २०१४ चे नियम लागू आहेत, आणि त्या नियमांनुसार पाड्याला स्वतंत्र गाव म्हणून मान्यता मिळवता येते. वन हक्क कायदा, २००६ नुसार ज्या ग्रामसभेला सामूहिक वनसंपत्तीवर हक्क मिळाला आहे, तिला त्या वनातील वन्यजीव व जैवविविधता राखण्याचा अधिकार कलम ५ ने दिला आहे. त्यामुळे पहिला प्रश्न असा विचारावा की ज्या तुकड्यात काम करायचे आहे तो कोणत्या ग्रामसभेच्या हक्कात येतो. ग्रामपंचायतीचा शिक्का असलेले पत्र हाती असूनही, ज्या पाड्याचे जंगल आहे त्याला काहीच माहीत नाही, अशी स्थिती येऊ देऊ नये.

सरपंच, पोलीस पाटील, गावकारभारी आणि वन हक्क समिती यांना भेटणे आवश्यकच आहे. त्यांच्याखेरीज दोन प्रकारच्या माणसांना शोधून काढावे लागते. पहिला गुराखी, कारण वर्षाचे तीनशे दिवस जंगलात जाणारा तोच असतो आणि बैठकीत मात्र तो मागे बसतो. दुसऱ्या रानभाज्या, डिंक आणि मोहफुले वेचणाऱ्या बाया. त्यांच्याशी बोलण्यासाठी विद्यार्थिनी किंवा प्राध्यापिका सोबत असाव्यात आणि वेळ त्यांच्या सोयीची असावी.

तापीकाठच्या बागायती पट्ट्यात चित्र निराळे असते. मुक्ताईनगर तालुक्यातील डोलारखेडा परिसरात वाघांचा वावर केळीच्या बागांपर्यंत येतो. त्याविषयी अभ्यास करणारा विद्यार्थी बागेच्या मालकाची मुलाखत घेऊन परततो. परंतु पहाटे पाणी द्यायला बागेत शिरणारा सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी, असतो आणि घड कापणारे मजूर असतात. जिवाचा धोका ज्याला आहे त्याला विचारल्याशिवाय तेथील संवर्धनाचा कोणताही आराखडा पूर्ण होऊ शकत नाही. यांतील बरेचसे मजूर डोंगरातून खाली आलेले पावरा आदिवासी कुटुंबांतले असल्यास मुलाखत मराठीत न घेता पावरी जाणणाऱ्या सहकाऱ्याकरवी घ्यावी. भाषेचा हा मुद्दा सर्वत्र लागू आहे. अहिराणी, भिली, पावरी, मावची, कोकणी (कोकणा आदिवासींची), लेवा गणबोली यांपैकी ज्या बोलीत गाव बोलते त्या बोलीतील वनस्पतींची नावे जशीच्या तशी लिहून घ्यावीत आणि त्यांना लगेच प्रमाण मराठी नाव जोडण्याची घाई करू नये. एकाच बोलीनावाखाली दोन वेगळ्या जाती असणे किंवा एकाच जातीला वयानुसार दोन नावे असणे, हे अनेकदा नंतर उमगते.

नेवाड आणि जीपीएस

सातपुड्यात जंगल साफ करून कसलेल्या जमिनीला नेवाड म्हणतात. कित्येक कुटुंबांचे नेवाडावरचे वन हक्काचे दावे वर्षानुवर्षे प्रलंबित राहिलेले आहेत, आणि या जमिनीची मोजणी करायला आलेला माणूस आजवर सहसा सरकारी कामानेच आलेला असतो. अशा ठिकाणी हातात जीपीएस यंत्र घेऊन शेताच्या कडेने चालणारा विद्यार्थी लोकांना काय वाटेल, याचा विचार आधी करावा. मी पहिल्या वर्षी तो केला नव्हता. झाडांच्या जागा टिपत असताना एका शेतकऱ्याने शांतपणे विचारले की ही मोजणी कुणासाठी आहे, आणि माझ्याकडे त्याला पटेल असे उत्तर नव्हते. त्यानंतर जवळजवळ दोन महिने त्या पाड्यावर कोणी आमच्याशी मोकळेपणाने बोलले नाही, आणि त्यात त्यांची काहीही चूक नव्हती.

आता आम्ही असे करतो. यंत्र बाहेर काढण्याआधी गावातल्या लोकांना जमिनीवर काडी, दगड, रांगोळी आणि पाने घेऊन गावाचा नकाशा काढायला सांगतो. ओढे, देवाची जागा, चराई, मोहाची मोठी झाडे, पाणवठे हे सगळे त्यात येते. त्यावर कोणत्या जागा यंत्राने टिपायच्या आणि कोणत्या टिपायच्या नाहीत, हे तेच ठरवतात. शेतांच्या सीमा आम्ही टिपत नाही, आणि तसे लेखी देतो. यंत्र चालवायला पाड्यावरचा मुलगा किंवा मुलगी शिकते. ते फारसे कठीण नाही.

परवानग्या

हा भाग कंटाळवाणा आहे, परंतु त्यात कसूर झाली तर सगळे काम अडते. यावल आणि अनेर धरण ही वन्यजीव अभयारण्ये आहेत; अभयारण्यात अभ्यासासाठी प्रवेश करायचा असेल तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते, आणि अनुसूचीतील प्राणी पकडणे, हाताळणे किंवा त्याचा नमुना घेणे यासाठी वेगळी परवानगी लागते. अभयारण्याबाहेरच्या राखीव वनासाठी त्या त्या वनविभागाच्या उपवनसंरक्षकांकडे अर्ज करावा. वनस्पतींचे नमुने घ्यायचे असतील, स्वयंचलित कॅमेरे लावायचे असतील किंवा ड्रोन वापरायचे असेल, तर अर्जात तसे स्पष्ट लिहावे. परदेशी विद्यापीठ सहभागी असेल तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचा विषय येतो, आणि तो मार्गदर्शकांशी बोलूनच हाताळावा. अर्जाला उत्तर येण्यास काही महिने लागू शकतात, म्हणून अर्ज आधी करावा आणि तो काळ नोंदवहीचे वाचन व ओळखीपाळखी यांत घालवावा. वनरक्षकाला पहिल्याच आठवड्यात भेटावे. जंगलाची माहिती त्याच्याकडे पुष्कळ असते आणि परवानगीपत्र पाहिल्यावर तोही निश्चिंत होतो.

वेळापत्रक गावाचे असावे

विद्यापीठाचे वर्ष सत्रांनी चालते आणि सातपुड्यातले वर्ष कामाने व सणांनी. या दोन्हींचा मेळ घातला नाही तर विद्यार्थी नेमका तेव्हा पोचतो जेव्हा गाव रिकामे असते. दिवाळीनंतर अनेक पाड्यांवरची निम्मीअधिक कुटुंबे ऊसतोडीला किंवा गुजरातेत मजुरीला निघून जातात, आणि हिवाळी सुट्टीत केलेल्या सर्वेक्षणात म्हातारे व मुलेच भेटतात. होळीच्या आधी भोंगऱ्याचे बाजार भरतात, तेव्हा लोक परततात. परंतु त्या दिवसांत मुलाखतीचा विषय काढू नये, बोलावणे आले तर पाहुणा म्हणून जावे. मार्च-एप्रिल मोहफुलांचा काळ असतो आणि बाया पहाटे तीन-चारला झाडाखाली जातात. पाठोपाठ चारोळी आणि तेंदूपाने येतात. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेकी माहेरी येतात, त्यामुळे शेजारच्या गावांतील वाण आणि भाज्यांविषयी ऐकण्याची ती उत्तम संधी असते. जूनमध्ये पेरणी सुरू झाली की कोणाचा वेळ घेऊ नये. पावसाळ्यात मात्र रानभाज्यांची नोंद त्या त्या आठवड्यातच करावी लागते. तरोटा कोवळा असतो तो काळ फार थोडा असतो. काही पाड्यांवर नवी हिरवी भाजी देवाला दाखवल्याशिवाय खात नाहीत, म्हणून नमुना तोडण्याआधी विचारावे.

मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. त्या काळात पाहणी पहाटे सुरू करून सकाळी नऊपर्यंत संपवावी आणि विद्यार्थ्यांना दुपारी डोंगरात ठेवू नये.

साधा लेखी करार

बैठकांतून प्रश्न ठरला, माणसे कळली आणि वेळापत्रक जमले की दोन पानांचा करार लिहावा. तो मराठीत असावा, ग्रामसभेत मोठ्याने वाचावा आणि बोलीत समजावून सांगावा. कोणता प्रश्न, किती काळ, कोण काम करणार, त्यांना किती मजुरी मिळणार, माहिती कोणाकडे राहणार, कोणती माहिती छापायची नाही, छायाचित्रे कोठे वापरणार आणि गावाला काम थांबवायचे असल्यास ते कसे थांबेल, एवढे त्यात स्पष्ट असावे. शेवटचे कलम लिहिताना मार्गदर्शक कधी कधी कचरतात. ते असलेच पाहिजे, कारण नाही म्हणण्याची वाट नसेल तर होकाराला अर्थ राहत नाही. विद्यापीठाच्या नैतिकता समितीकडे सादर करायच्या संमतिपत्राचा नमुना बहुधा व्यक्तीसाठी असतो. ग्रामसभेचा ठराव त्याला जोडावा.

मोजणी : मोहाचे उदाहरण

गावाने दाखवलेल्या मोहाच्या झाडांपैकी, म्हणजे समजा वीस झाडांपैकी, दहांच्या मालकांनी किंवा वेचणाऱ्यांनी एक वर्ष पाचोळा न जाळण्याचे स्वतःहून कबूल करावे. तेथे फुले वेचण्यासाठी जुनी साडी किंवा जाळे अंथरावे. उरलेल्या दहा झाडांखाली नेहमीप्रमाणे चालू द्यावे. प्रत्येक झाडाच्या चारही दिशांना बुंध्यापासून सारख्या अंतरावर एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद अशी दोरीची चौकट टाकून तिच्यातील मोहाची रोपे मोजावीत. मोहाचे बी पावसाच्या सुरुवातीला पडते आणि ते साठवणीत फार दिवस टिकत नाही, लगेच रुजते. म्हणून पहिली मोजणी भाद्रपद-आश्विनात, आणि दुसरी पुढच्या वर्षी पाचोळा जाळून फुले वेचून झाल्यावर, म्हणजे एप्रिलअखेर करावी. कोणत्या रोपांना गुरांनी तोंड लावले तेही लिहावे. दोन मोजण्यांतला फरक पाहिला की रोपे रुजतच नाहीत, रुजून जळतात, की रुजून खाल्ली जातात, हे वेगवेगळे कळते, आणि उपाय त्यानुसार बदलतो. चौकट टाकण्याचे काम पाड्यावरच्या तरुणांनी करावे. विद्यार्थ्याने सोबत बसून नोंद तपासावी. दोघांनी एकच चौकट स्वतंत्रपणे मोजून आकडे जुळतात का, हेही अधूनमधून पाहावे.

जाळणे बंद करा असे सांगत फिरू नये. एखाद्या घरात मोहफुले वेचायला एकच बाई असेल तर साडी अंथरण्याची मेहनत तिला परवडेल का, हाही अभ्यासाचाच भाग आहे आणि तिने लावलेला वेळ नोंदला पाहिजे.

नोंद खरी असावी

खोट्या नोंदीने किती नुकसान होते, याचे जगप्रसिद्ध उदाहरण आपल्याच भागाशी जोडलेले आहे. रानपिंगळा या लहान घुबडाचे शास्त्रीय वर्णन पक्षिशास्त्रज्ञ ॲलन ह्यूम यांनी १८७३ मध्ये केले आणि १८८० च्या दशकात जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने खानदेशातून त्याचे नमुने गोळा केले. १८८४ नंतर तो कोणालाही खात्रीने दिसला नाही. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश पक्षिसंग्राहकाने मात्र १९१४ मध्ये गुजरातेतील मांडवी येथे मिळालेला म्हणून एक नमुना दाखवला होता. तो प्रत्यक्षात जुनाच, चोरलेला नमुना होता आणि त्यावर खोटी चिठ्ठी लावलेली होती, हे पुढे उघडकीस आले. तोपर्यंत त्या चिठ्ठीने शोधणाऱ्यांची दिशाभूल केली होती. खरे नमुने जेथून आले त्या जागा नव्याने तपासल्यावर नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना शहाद्याजवळच्या जंगलात रानपिंगळा पुन्हा दिसला. आज तो वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि तोरणमाळ, तळोदा व यावल भागांत त्याचा अभ्यास झालेला आहे.

नवख्याने यातून घ्यायची कामाची सवय अशी की प्रत्येक नोंदीसोबत तारीख, वेळ, जागा, पाहणाऱ्याचे नाव आणि ‘स्वतः पाहिले’, ‘आवाज ऐकला’ किंवा ‘दुसऱ्याने सांगितले’ यांपैकी एक शेरा लिहावा. सांगीव नोंद टाकून देऊ नये, परंतु पाहिलेल्या नोंदीत मिसळू नये. ओळखीची खात्री कशी केली तेही लिहावे. नेहमीच्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके दाट दिसतात, तर रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ बिनठिपक्यांचे असते आणि तो दिवसाही हिंडतो; एवढा फरक पाड्यावरच्या मुलांना एकदा चित्रावर दाखवला की ती अचूक सांगतात. आवाज वाजवून पक्ष्याला बोलावण्याची पद्धत विणीच्या काळात वापरू नये, कारण त्याने घरट्यावरचे जोडपे अस्वस्थ होते.

काय छापू नये

रानपिंगळ्याच्या घरट्याची अचूक जागा कोठेही प्रसिद्ध करू नये. अंधश्रद्धेपोटी घुबडे पकडली जातात, आणि दिवाळीच्या सुमारास हा धोका वाढतो. आयनॅचरलिस्टसारख्या निसर्गनोंदींच्या ऑनलाइन व्यासपीठावर धोक्यातील जातींची जागा धूसर होते. तरीही छायाचित्राच्या मागे ओळखू येणारी टेकडी किंवा पाण्याची टाकी राहू नये.

औषधी वनस्पतींबद्दलचे ज्ञान आणखी नाजूक आहे. केरळमधील काणी आदिवासींनी दाखवलेल्या आरोग्यपच्च या वनस्पतीपासून ‘जीवनी’ हे औषध तयार झाले, १९९५ मध्ये त्याचा परवाना दिला गेला आणि मिळणाऱ्या रकमेचा निम्मा वाटा काणी समाजाला देण्याचे ठरले. लाभवाटपाचे ते आद्य उदाहरण म्हणून गौरवले जाते. पण ज्ञान काहींनी दिले आणि विचारले सर्वांना नाही, असा आक्षेप त्याच समाजातल्या जाणत्यांनी घेतला. म्हणून भगत किंवा वैदू एकांतात काही सांगत असेल, तर ते वहीत उतरवण्याआधी त्याला आणि ग्रामसभेला विचारावे की हे गावाच्या नोंदवहीत, गोपनीय भागात, की कोठेच लिहायचे नाही. मासिकात एकदा छापले गेलेले ज्ञान परत घेता येत नाही.

पैसा आणि नाव

पाड्यावरचा जो तरुण चौकट टाकतो, त्याला अंदाजपत्रकात मजुरीची तरतूद हवी आणि ती महिन्याच्या महिन्याला मिळावी. विद्यापीठाचे देयक उशिरा निघते, हे कारण त्याला देऊ नये. लेख छापताना त्याचे योगदान लेखकाइतके असेल तर नाव लेखकांत घालावे, कमी असेल तर आभारांत, आणि नाव द्यायचे की नाही हे त्यालाच विचारावे.

आधी झालेले काम पाहून यावे

साक्री तालुक्यातील बारीपाड्याला एकदा तरी जावे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून त्या गावाने स्वतः नियम करून, दंड ठरवून आणि राखण लावून शेकडो हेक्टर जंगल पुन्हा उभे केले, आणि तेथील चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. तेथे भरणाऱ्या वनभाज्यांच्या पाककला स्पर्धेत बायांनी मांडलेल्या ताटांसमोर उभे राहून प्रत्येक भाजी कोठून आणली हे विचारले, तर कोणत्याही प्रश्नावलीपेक्षा अधिक कळते. धडगाव तालुक्यात मका आणि ज्वारीच्या स्थानिक वाणांच्या सामुदायिक बियाणे बँका आहेत, त्याही पाहाव्यात. शेतातली विविधता हा नोंदवहीचाच भाग आहे. जळगावजवळचे लांडोरखोरी हे राज्यातील सुरुवातीच्या जैवविविधता वारसा स्थळांपैकी एक आहे, आणि शहरातील विद्यार्थ्यांना झाडे ओळखायला शिकवण्यासाठी तेथून सुरुवात करता येते.

नोंद परत नेणे

माझा पहिला अहवाल छापून झाला तेव्हा मी त्याची एक प्रत ग्रामपंचायतीला टपालाने पाठवली आणि काम संपले असे समजलो. दोन वर्षांनी गेलो तेव्हा ती प्रत कपाटात होती, पाकीटही फोडलेले नव्हते. त्यानंतर अहवाल पाठवणे मी बंद केले आणि नेऊन वाचायला लागलो.

मोजणीचे आकडे गावाला सांगताना आलेख वापरायचा असेल तर तो जमिनीवर मांडावा : पाचोळा जाळलेल्या झाडांखालच्या रोपांसाठी एक ढीग, न जाळलेल्यांखालच्या रोपांसाठी दुसरा ढीग, मोहाच्याच बियांचा. निष्कर्ष गावाला पटला नाही तर तसे अहवालात लिहावे. सुधारलेली नोंदवही समितीच्या सहीने ग्रामपंचायतीत द्यावी. तिची एक प्रत शाळेत आणि एक पाड्यावर राहील असे पाहावे, कारण ग्रामपंचायतीचे कपाट अनेकदा कुलूपबंद असते.

हे वाचन पोळ्यानंतर, दिवाळीपूर्वी ठेवावे. तेव्हा पेरणीची घाई संपलेली असते आणि माणसे अजून स्थलांतराला निघालेली नसतात. दुसऱ्या वर्षी वाचणारा विद्यापीठातला नसावा. ज्या मुलीने चौकटी टाकल्या तिने बोलीत वाचावे, संशोधकाने तिच्या शेजारी बसून दुरुस्त्या लिहून घ्याव्यात, आणि पुढच्या फाल्गुनात कोणत्या झाडांखाली पाचोळा राखायचा हे त्याच बैठकीत ग्रामसभेकडून ठरवून घ्यावे.